मोहरीएवढ्या शंखाचं नाव

कॉलेजातल्या शंखशिंपल्यांच्या खोलीत ती शिपाई म्हणून लागली. सरांना जाड चष्मा लागला तेव्हा त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. घरी तांदूळ निवडावेत तशी ती समुद्राची वाळू निवडायची. मोहरीएवढे शंख ओल्या कुंचल्याने उचलून काचेच्या नळीत भरायची. तिला सगळे भिंगमावशीच म्हणू लागले.

एकदा म्हणाली, "सर, हा वेगळा आहे हो. बाकीच्यांच्या तोंडाशी चार दात, याला पाच."

"साधीच गोगलगाय आहे, मावशी. वय झालं तुमचं."

"वय झालं म्हणून एक दात जास्त दिसतो होय?"

सरांनी पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच. "अहो, ही जात कुणीच नोंदवलेली नाही! हिला तुमचंच नाव देतो, शब्द आहे माझा."

भिंगमावशीला घर कधी गाठते असं झालं. जाऊबाई फणकारल्या, "दारावरच्या पाटीवर नाव नाही, आणि निघाली पुस्तकात छापायला!" मावशी हसली आणि वर्षभर वाट बघत राहिली. आपण मेल्यावरही कुठेतरी आपलं नाव राहील, एवढाच तिचा लोभ.

लेख छापून आला. गोगलगाईला नाव होतं संस्थेच्या अध्यक्षांचं. शेवटी आभारात 'आणि कर्मचारीवर्ग'.

"वरून दबाव आला, मावशी. पुढची नक्की तुमची."

"गोगलगाय नि पोटात पाय," जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या सरांचंच वर्णन गं ते!" या वेळी मावशीला हसू आलं नाही.

अध्यक्षांनी खूश होऊन त्या एकुलत्या एका शंखासाठी नक्षीची लाकडी पेटी पाठवली. सर हर्षाने म्हणाले, "यात ठेवा, कापसावर." बंद पेटीत लाकडाची आंबूस वाफ कोंडते आणि शंख खाते, म्हणून तर खोलीत सगळी कपाटं लोखंडी. हे सरांनीच तिला शिकवलं होतं आणि आता कौतुकाच्या भरात तेच विसरले होते. शब्द तिच्या ओठांवर आला.

"ठेवते," एवढंच ती म्हणाली.

पुढे रोज देवापुढे हात जोडताना ठरवायची, उद्या सांगेन. देवाने तिला तोंड दिलं होतं. ते उघडायचं काम काही त्याचं नव्हतं. दोन वर्षं गेली.

मग बाहेरून तीन अभ्यासक तो शंख बघायला आले. सरांनी थाटात पेटी उघडली. कापसावर पांढरी भुकटी आणि एक खडबडीत खडा. पाच काय, एकही दात उरला नव्हता. अध्यक्षांचं नाव छापलेलं, त्यावर ओरखडाही उठला नाही.

"इथली देखभाल कोण करतं?" पाहुण्यांनी विचारलं.

सरांनी तिच्याकडे बोट केलं आणि तिचं नाव सांगितलं. पहिलं नाव, नवऱ्याचं, आडनाव, सगळं स्पष्ट. एका पाहुण्याने स्पेलिंग विचारून ते वहीत उतरवून घेतलं.