येऊन राहिलो

हवाई दलातून मी सुटलो, पण पायातले बूट काही सुटले नाहीत. पंधरा वर्षं विमानांच्या इंजिनांत हात काळे केलेला माणूस मी. नागपूरच्या घरी परतल्यावरही पहाटे डोळा उघडायचा, मी बूट चमकवायचो, नाड्या आवळायचो आणि मग लक्षात यायचं की जायचं कुठेच नाही. तरी काढत नव्हतो. आमचं घर कोष्ट्यांचं. वडील समोरच्या खोलीत मागावर लुगडी विणायचे. ते गेल्यावर माग विकला, आणि विणताना ज्यात पाय सोडून बसायचं तो खड्डा फळ्या टाकून झाकला. त्या फळ्यांवरून बूट घालून चाललं की पोकळ आवाज व्हायचा. मी दिवसातून किती वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो, हे त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकू जायचं.

"काहून गा, घरात बूट घालून काय फिरून राहिला तू?" माय ओरडायची. "बैस ना एका जागी!"

एका जागी बसणं मला येत नव्हतं. मायनं इतवारीत डाळ आणायला पाठवलं तर मी हातगाड्यांच्या गर्दीतून चक्कर मारून रिकामाच परत यायचो. मग सायकल काढायची आणि सोनेगावला विमानतळाच्या कुंपणाशी जाऊन उभं राहायचं. विमान दिसायच्या आधी आवाजावरून त्याचं इंजिन ओळखायचं, एवढाच माझा उद्योग उरला होता. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात जनरेटर सांभाळायची नोकरी मिळत होती. बघून आलो. एकदा चालू केला की दिवसभर त्याच्याकडे पाहत स्टुलावर बसायचं. लढाईत विमानं वर पाठवलेल्या माणसाला ते काम सांगताना त्यांना काही वाटलं नाही, आणि मला मात्र घरी येईपर्यंत राग आवरला नाही.

माझ्याआधी सुटलेला आमच्यातलाच एक जण मस्कतच्या हवाई दलात लागला होता. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. त्या देशाकडे विमानं होती, पण ती दुरुस्त करणारे हात कमी, म्हणून ते बाहेरून माणसं घ्यायचे. मीही मुंबईला जाऊन मुलाखत दिली. घेणारे दोघेही इंग्रज, सुलतानाच्या नोकरीतले. त्यांनी इंजिनाबद्दल विचारलं, मी सांगितलं, त्यांनी हात मिळवला. ही नोकरी म्हणजे गणवेश, हुद्दा, सलाम, सगळं आलं. एका देशाच्या फौजेतून उठायचं आणि दुसऱ्या देशाच्या फौजेत जाऊन बसायचं. आता फक्त व्हिसा यायचा होता आणि बायकोनं हो म्हणायचं होतं. व्हिसाची मला काळजी नव्हती.

बायको साताऱ्याकडची. तिच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, तिचे वडीलही त्यातलेच. मस्कतचं ऐकल्याबरोबर तिनं तोंड फिरवलं.

"आखातात जा, गाडी चालवा, तेलाच्या विहिरीवर राबा, मी हसत पाठवीन," ती म्हणाली. "पण दुसऱ्याचा गणवेश नको."

"काय फरक पडतो?"

"गणवेश काय शर्ट आहे, एक जुना झाला की दुसरा घातला?"

यावर मी चिडलो, आणि चिडलो की माझी भाषा घसरते. फौजेत आणि तिच्यासमोर मी पुस्तकातलं मराठी बोलायचो, पण राग आला की सरळ नागपुरी. "इथं कोन देऊन राहिलं मले गणवेश?" असं काहीतरी ओरडलो. एरवी तिला माझ्या या 'राहिलं'ची गंमत वाटायची. लग्नानंतर पुण्याच्या क्वार्टरमध्ये मी एकदा न्हाणीतून म्हणालो होतो, "अंघोळ करून राहिलो." ती बाहेरून म्हणाली, "अंघोळ झाली ना? मग आत राहिलात कशाला?" आमच्याकडे ते 'करतोय' असतं, तिच्याकडे 'केली आणि तिथंच राहिलो'. पुढे कित्येक महिने ती मला त्यावरून चिडवत होती. या वेळी मात्र हसली नाही.

काही दिवसांनी सासरे साताऱ्याहून नागपुरात हजर. ते का आले, हे कुणी सांगायची गरज नव्हती. जेवणं झाल्यावर ते फळ्यांवर सतरंजी टाकून बसले, तळहातावर तंबाखू घेतली आणि म्हणाले, "मग, काय ठरलं जावईबापू?"

मी घाबरलो होतो. तोंडून निघून गेलं, "जाऊन राहिलो, मामा."

"राहिलो? म्हंजे तिकडंच राहणार? कायमचं?"

"तसं नाही, आबा," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. चार दिवसांत माझ्या बाजूनं उच्चारलेला तिचा हा पहिला शब्द. "यांच्यात 'जातोय'ला 'जाऊन राहिलो' म्हणतात."

"आन येतोयला?"

"येऊन राहिलो."

"अवघड हाय. जाणारा बी राहतोय आन येणारा बी राहतोय."

माय खो खो हसली. मला वाटलं, वारा आपल्या बाजूचा आहे. म्हणून मी हुकमाचं पान टाकलं. कुंपणाशी उभं राहून ते मी किती दिवस घोकलं होतं. म्हणालो, "मामा, तुम्ही इंग्रजांच्या राजाची शपथ घेऊन भरती झालात. त्याच्यासाठी वाळवंटात लढलात. मग सत्तेचाळीस साली दुसरं राज्य आलं. म्हणजे तुम्हीही एका देशाच्या फौजेतून दुसऱ्या देशाच्या फौजेत गेलातच की."

सासरे तंबाखूत चुना मळत राहिले. रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं.

"गेलो," ते म्हणाले. "खाट तीच, बराक तीच, झ्येंडा तेवढा दुसरा. पर मला कुणी इचारलं न्हवतं, जावईबापू. तुमाला इचारलंय."

त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि विषय संपवला. जा म्हणाले नाहीत, जाऊ नका म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून निघून गेले. मी मात्र पुढचे कित्येक दिवस फळ्यांवर फेऱ्या घालत त्यांच्याशी मनात भांडत होतो आणि दर वेळी हरत होतो.

तरी गेलो. पैसे नको होते असं नाही, पण पैशांपेक्षा मला इंजिन हवं होतं. घरात बसून मी कुजत होतो आणि बाकीच्यांनाही कुजवत होतो. निघताना मायनं हातावर दही ठेवलं. 'जातो' म्हणायचं नसतं म्हणून मी 'येतो' म्हणालो. बायको स्टेशनवर आली. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाली, "येतो काय, सगळेच म्हणतात. 'येऊन राहिलो' म्हणा."

मला बरं वाटलं. शेवटी माझ्या भाषेवर आली! "येऊन राहिलो," मी म्हणालो.

"तुमच्या भाषेत नाही. माझ्या भाषेत."

तिच्या भाषेत त्याचा अर्थ होता, आलो आणि राहिलो. ते काही माझ्या तोंडून निघेना. गाडी हलली, ती दोन पावलं बरोबर चालली आणि थांबली.

मस्कतला पहिल्या सकाळी नवा गणवेश चढवून रांगेत उभा राहिलो. झेंडा वर जाऊ लागला, हुकूम झाला, आणि हात आपोआप कपाळाशी गेला. सलाम तोच होता. तळहात तसाच, कोपर तसंच. हाताला काही नवीन शिकावं लागलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. मनातल्या मनात मी सासऱ्यांना दोन शिव्या घातल्या. मग हँगरमध्ये गेलो, इंजिनाचं झाकण उघडलं आणि दुपारपर्यंत सगळं विसरलो. खोटं कशाला सांगू, त्या कामात मी सुखी होतो. अस्वस्थता फक्त सकाळी झेंड्याखाली यायची.

सुट्टीवर आलो की गल्लीतूनच ओरडायचो, "येऊन राहिलो वं!" बायको दारात यायची. "कोणत्या भाषेत?" मी हसून म्हणायचो, "माझ्या." "मग आत या, आणि जायची तारीख सांगा," एवढं बोलून ती चहा टाकायला वळायची. दोनच दिवसांत फळ्या वाजायला लागायच्या. सासरे गेले तेव्हा मी मस्कतलाच होतो. बातमी कळली तोवर त्यांचं दिवसपाणीही आटोपलं होतं. बायकोनं त्यावरून मला एका शब्दानं टोकलं नाही.

करार वाढवत वाढवत मी तिथं ऐंशी साल ओलांडलं. पुन्हा एकदा वेळ आली तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यानं मान वर करून विचारलं, राहणार ना? दर वेळी हाच प्रश्न असायचा आणि मी ऐकायच्या आधीच मान डोलवायचो. त्या दिवशी तो ऐकला. मला विचारलं होतं. म्हाताऱ्याची ती चुन्याची बोटं डोळ्यांसमोर आली आणि मी नाही म्हणालो. अधिकाऱ्याला आश्चर्य वाटलं. मलाही.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. गल्लीतून ओरडलो नाही. बायको उंबऱ्यावर बसून संत्रं सोलत होती, केसांत पांढरं बरंच दिसत होतं. ट्रंक खाली ठेवून मी म्हणालो, "येऊन राहिलो."

"कोणत्या भाषेत?"

"तुझ्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ट्रंकेकडे. मग म्हणाली, "मग बूट काढा."

मी पायरीवर बसलो. एक नाडी सोडली. तेवढ्यात सोनेगावकडे उतरणारं विमान घरावरून गेलं. इंजिन ओळखीचं होतं. माझी मान वर गेली.

"बूट," ती म्हणाली.