शब्द माझा आहे

माझा मुलगा बोलताना अडखळतो. काही अक्षरं ओठांवर येऊन थांबतात, मान किंचित वर जाते, आणि तेवढ्यात समोरचा माणूस त्याचं वाक्य परस्पर पुरं करून टाकतो. बहुतेक वेळा चुकीचं.

प्रायमरीच्या शेवटच्या वर्षी तो म्हणाला की त्याला मुलग्यांच्या एका कॅथलिक शाळेत जायचंय. शाळा नावाजलेली. निवड झालेल्या थोड्या मुलांना फी नसते, त्यामुळे अर्ज ढिगाने येतात. मार्क लागतातच, पण खरा निकाल मुलाखतीत लागतो. ओपन हाऊसच्या दिवशी तिथल्या पक्षिनिरीक्षण क्लबच्या मुलांनी त्याला धनेशाची ढोली दाखवली होती. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरी शाळा नव्हतीच.

"आपण शाळेला त्याच्या अडखळण्याचं आधीच कळवून ठेवू," नवरा म्हणाला. आम्ही दोघंही नागपूरहून इथे परदेशात आलेले, आंग मो किओ भागातल्या कारखान्यांत इंजिनिअर. यंत्रात दोष असला तर आधी सांगायचा, ही आमची सवय.

"नको, बाबा. मी सांगेन. आय कॅन, ला," मुलगा इथल्या बोलीत म्हणाला.

तयारी त्याने स्वतःच ठरवली. रविवारी किराण्यासाठी लिटिल इंडिया या भारतीय दुकानांच्या वस्तीत गेलो की दुकानात आम्ही गप्प राहायचं, मागायचं त्याने. 'ब' त्याचा जुना वैरी, म्हणून तो मुद्दाम बडीशेप, बेसन आणि बटाटे मागायचा. मागे रांग वाढायची, कुणीतरी उसासा टाकायचं. त्याचे कान लाल व्हायचे, पण बेसनाऐवजी त्याने कधी रवा मागितला नाही. मी शेल्फवरच्या लोणच्यांकडे बघत उभी राहायचे.

मुलाखतीला पालकांना खोलीत मागे बसू दिलं होतं. समोर एक तरुण शिक्षिका आणि पांढऱ्या झग्यातले एक वृद्ध ब्रदर. लग्न न करता सगळं आयुष्य शिकवण्यात घालवलेले. मुलाने आत जाऊन नमस्कार केला आणि बसण्याआधीच इंग्रजीत म्हणाला, "मी अडखळतो. मला वेळ लागेल, पण उत्तर येईल."

"आम्हाला कुठे जायचंय?" ब्रदर म्हणाले.

पक्ष्यांबद्दल विचारलं, गणिताबद्दल विचारलं. मग ब्रदरनी विचारलं, "आमच्याकडे दिवस प्रार्थनेने सुरू होतो. तुझ्या घरी कोणता धर्म?"

"आम्ही बु... बु..." तो अडकला. मान वर गेली. शिक्षिका प्रेमानेच पुढे झुकून म्हणाली, "बुद्धिस्ट?"

त्याने हात थोडा वर केला. "प्लीज, मिस. शब्द माझा आहे. मीच म्हणतो."

नवऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. ब्रदर हातावर हात ठेवून बसले. घड्याळाकडे बघितलं नाही, की धीर देणारं हसलेही नाहीत. नुसते थांबले. असं थांबणं मी फार कमी माणसांत पाहिलंय.

"बुद्धिस्ट," मुलगा म्हणाला. "घरी आम्ही वंदना म्हणतो. तुमच्या प्रार्थनेच्या वेळी मी शांत उभा राहीन. शांत राहणं मला चांगलं जमतं."

आता मात्र ब्रदर हसले. शिक्षिका म्हणाली, "सॉरी. आणि थँक यू."

बाहेर आल्यावर त्याला भूक लागली होती. जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, त्याने नूडल्सची अख्खी थाळी संपवली.

पहिल्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याला वेटिंगवर ठेवलं होतं. दोन दिवसांनी तो सेरंगूनमधल्या आमच्या घराजवळच्या शाळेची माहिती काढायला लागला. "तिथेही झाडं आहेत," म्हणाला. त्याची समजूत घालायला मी शब्द जुळवत होते, ते तसेच राहिले.

काही आठवड्यांनी मी लॅबमध्ये असताना शाळेतून फोन आला. एक जागा रिकामी झाली होती. फीसुद्धा माफ होती. घरी जाऊन सांगितलं तर तो आधी सोफ्यावर बसला, मग उठून पाणी प्यायला.

"नागपूरला आजोबांना कळवू?" मी फोन हातात घेत विचारलं. फोनवर बोलणं त्याला सगळ्यात जड जातं. समोरच्याला त्याचा चेहरा दिसत नाही, लाइन कट झाली असं वाटतं.

त्याने फोन माझ्याकडून घेतला. "आजोबा, मी बोलतोय. ठेवू नका हं," म्हणाला, आणि बातमी सांगायला बाल्कनीत गेला.