कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू

घरात कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की सगळे मलाच पुढं करतात, आणि बरोबरच करतात. परभणीच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवतेय. दुकानदार ‘मॅडम, डोळे झाकून घ्या’ म्हणाला की मी ती वस्तू आधी बाजूला सारते. आमच्याकडचा फ्रीज, बोअरची मोटर, नवऱ्याचा चष्मा, सगळं माझ्या पसंतीचं आहे आणि सगळं अजून धडधाकट आहे.

तर मायच्या घरी बाहेरचा कॅमेरा बसवायचं ठरलं तेव्हाही काम माझ्याच गळ्यात आलं. माय म्हणजे माझी आई. पंचाहत्तरी ओलांडली तिनं. चुडाव्याच्या स्टेशनापासून थोडं आत आमचं गाव आहे, तिथं ती एकटी राहते. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, पुढं ओटा, ओट्यापुढं अंगण आणि लोखंडी फाटक. यंदा पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली. मनगट दुखावलं, आणि शेजारीण येईपर्यंत अर्धा तास तशीच चिखलात बसून होती. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो आला आणि तिला सातव्या मजल्यावर घेऊन गेला. महिनाभर तिनं तिथं कसाबसा काढला, मग परत आली आणि सांगून टाकलं की आता काही झालं तरी मी तिकडं यायची न्हाई.

भाऊ काही ऐकेना. शेवटी तोड निघाली ती अशी: अंगणात कॅमेरा बसवायचा आणि त्याला मोबाइलवर माय दिसली पाहिजे. दिसत राहिली तर गावात राहील. ते जमलं नाही तर दिवाळीनंतर कायमची पुण्याला. म्हणजे बघा, लोक कॅमेरा घेतात चोरासाठी, मी निघाले होते मायचं घर राखायला.

आधी मी गावी गेले. अंगणात उभी राहून माझ्या, शेजारणीच्या आणि तिच्या सुनेच्या मोबाइलवर एकच व्हिडिओ लावून बघितला. तिघींची सिम वेगळ्या कंपन्यांची. ज्या सिमवर तो न अडकता चालला ती कंपनी वहीत लिहून घेतली. मग परभणीत स्टेशन रोडच्या दुकानात गेले. दुकानदारानं लगेच चार कॅमेरे, रेकॉर्डिंगचा एक डबा आणि वायरचं भेंडोळं काउंटरवर मांडलं. मी विचारलं, गावात दुपारभर लाइट नसते, तेव्हा हे काय बघणार? तो म्हणाला इन्व्हर्टर बसवा. मी म्हटलं, आणि वायफाय कुणाच्या घरचं आणू? मग त्यानं डोकं खाजवलं आणि आतून सोलरवाला, सिमकार्डावर चालणारा कॅमेरा आणला. हा पावसात भिजला तरी काही होत नाही, असं छातीठोक सांगू लागला. समोर पाण्याचा ग्लास होता. म्हटलं, ओता त्याच्यावर. बिचाऱ्यानं माझ्याकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं आणि ओतलं. कॅमेरा चालूच राहिला. माझं निम्मं समाधान तिथंच झालं.

भावाचं फोनवरून वेगळंच चाललं होतं. त्याला पुण्यातून इकडं तिकडं फिरवता येईल असा हवा होता, आणि त्यातून बोलता येईल असाही. दोन्ही मी उडवून लावलं. फिरतं डोकं म्हणजे बिघडायला एक जागा जास्त. आणि म्हातारी भाजी निवडत बसलेली असताना कॅमेऱ्यातून एकदम ‘माय’ असा आवाज आला तर तिचा जीवच जायचा. बोलायचं तर तिच्याकडं फोन आहे की, मी म्हटलं. हे मी एवढ्या तोऱ्यात म्हटलं होतं की आज आठवलं तरी माझं मलाच हसू येतं आणि थोडी शरमही वाटते.

एका रविवारी मी तो बसवला. जगाचे कॅमेरे घराच्या भिंतीवर असतात आणि बाहेर रस्त्याकडं बघतात. आमचा उलटा. फाटकाजवळ लोखंडी खांब रोवला, त्याच्यावर कॅमेरा, आणि तोंड घराकडं. ओटा, दार, न्हाणीकडं जायची वाट, सगळं चौकटीत आलं. मी खांबाजवळ उभी राहून मोबाइलमध्ये चित्र बघत होते. माय ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. सूप खाली ठेवून तिनं विचारलं, “तुमी चोराला बघायलाव का मला?”

मी म्हटलं, तुलाच, कारण या घरात चोरण्यासारखी तूच आहेस. ती हसली आणि परत पाखडायला लागली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

पुढचे दोन महिने कॅमेऱ्यानं अगदी नाव ठेवायला जागा दिली नाही. मधल्या सुट्टीत मोबाइल उघडावा तर माय ओट्यावर. चार वाजता उघडावा तर माय शेजारणीशी हातवारे करत बोलतेय. भाऊ खूश. ऑफिसातल्या लोकांनाही दाखवतो म्हणाला. त्यानं पुण्याचं नावही काढणं सोडलं, आणि मी शाळेत ज्याला त्याला सोलर आणि सिमकार्ड यांवर न मागितलेलं व्याख्यान द्यायला लागले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं घरातली सगळी अवजारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात, आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस सुट्टी. विळा, खुरपं, विळी, सगळ्यांना.

सकाळी भावाचा फोन आला. म्हणाला, ताई, माय स्टुलावर चढली, कॅमेऱ्यापाशी तोंड आणलं, बोट वर केलं आणि मग सगळं लालच लाल. काहीच दिसत नाही. फोनही उचलत नाही. मी मायला पाच वेळा फोन लावला. नुसता वाजत राहिला. शेजारणीचाही लागेना. ते दुखरं मनगट, तो स्टूल आणि खाली तेच अंगण, एवढंच डोळ्यापुढं येत होतं. नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि रस्ताभर मी त्याच्या गाडी चालवण्याला नावं ठेवत राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

फाटक उघडलं तर माय ओट्यावर, नवं लुगडं नेसून, पुरणाचं ताट झाकत होती. मला बघून म्हणाली, बरं झालं आलीस, गरम गरम खा. मी आधी तिला मिठी मारली आणि मग असं काही झापलं की नवरा मुकाट्यानं आत निघून गेला. त्या वयात स्टुलावर चढतेस, फोन उचलत नाहीस, आम्ही काय समजायचं? तिनं शांतपणे पाटाकडं बोट केलं. विळा, खुरपं, विळी यांच्या रांगेत तिचा मोबाइलही होता. त्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. तो आताही फुलासकट थरथरत होता.

“पूजेत मांडलेल्या वस्तूला आज हात लावायचा नसतो,” ती म्हणाली. आणि कॅमेरा? तोही दोन महिने उन्हातान्हात उभा राहून काम करतोय, त्याला कसं वगळायचं? म्हणून तिनं त्यालाही ठसठशीत बोट लावलं होतं, बरोबर भिंगावर.

मी माझ्या फोनवरून भावाला लावून दिला. तो आधी रडला, मग चिडला, मग हळूहळू गप्पांवर आला. पुरण कसं झालं, मनगट दुखतं का, शेजारच्या म्हशीला काय झालं, नातीची परीक्षा कधी. अर्धा तास चाललं त्यांचं. माय बोलताना ओट्याच्या खांबाला टेकून बसली होती आणि तिचा चेहरा एवढा उजळला होता की मी नुसती बघत राहिले.

फोन झाल्यावर मी ओलं फडकं घेतलं आणि कॅमेऱ्याच्या खांबाला स्टूल लावून वर चढले. मागून माय म्हणाली, “ऱ्हाऊ दे. आठ दिस पुसू नको.”

मी वळून बघितलं.

“ह्यो डोळा लागल्यापासून त्येचा फोन न्हाई आला मला. मीच लावून इचारलं तर म्हणला, माय, तू रोज दिसायलीस की.” तिनं झाकलेल्या ताटावरचं फडकं उगीच नीट केलं. “आन् तू बी सात रविवार झाले, आली न्हाईस.”

मी मनातल्या मनात मोजले. सातच होते. गणिताची मास्तरीण मी, आणि मोजले होते तिनं. मला इतकी लाज वाटली की स्टुलावरून उतरताही येईना. मीच तर म्हटलं होतं, बोलायचं तर फोन आहे की. बोललं कुणीच नव्हतं. आम्ही दोघं लेकरं तिला रोज बघत होतो आणि ती तिकडं एकटीच होती.

मी कुंकू पुसलं. मग पान्यानं नट ढिला केला, कॅमेऱ्याचं तोंड फाटकाकडं फिरवलं आणि नट परत आवळला. दहा मिनिटांत भावाचा फोन. ताई, मला नुसतं फाटक आणि रस्ता दिसतोय, माय कुठंय? म्हटलं, ओट्यावर बसलीय. तो म्हणाला, मग ती दिसणार कशी? आपलं काय ठरलं होतं? मी म्हटलं, ठरलेलं मी मोडलं. माय इथंच राहील. ती बरी आहे का हे बघायचं असेल तर फोन कर, नाहीतर ये. तो ‘बरं’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, शाळेला सुट्टी होती. चहा टाकला आणि मायला फोन लावला. लागला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, तरी लागला नाही. मोबाइलमधली बाई सांगत होती, ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलतेय.