सोबत कोण आलंय?

डोंबिवली पूर्वेला, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एक जुनी दुमजली इमारत आहे. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर मनोविकारांचे डॉक्टर. जिना एकच. त्यामुळे त्या जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक माणसाची दाढ दुखत असते. आमच्या गावाला दातांचा एवढा त्रास का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला होता. उत्तर कळलं तेव्हा मीही त्याच जिन्यात उभी होते.

मी तीनदा तिथवर गेले आणि तिन्ही वेळा पहिल्या मजल्यावरून परत आले. दुसऱ्या वेळी तर खरोखर दात साफ करून घेतले, कारण स्वागतकक्षातल्या मुलीने दार उघडून "या ना काकू" म्हटलं आणि नाही म्हणायला कारण सुचलं नाही. नवरा म्हणाला, "अगं, मागच्याच महिन्यात दाढ दाखवलीस ना? बत्तीस आहेत की जास्त?"

मी तीस वर्षं नर्स होते. त्यातली अकरा आखातातल्या एका शहरात, मोठ्या रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात. गेले वर्षभर झोप धड नाही, जेवणाला चव नाही, आणि पुस्तक उघडलं की एकच पान तीन दिवस पुरतं. समोर दुसरी कुणी हे सांगत असती, तर मी तिला हाताला धरून दुसऱ्या मजल्यावर नेलं असतं. स्वतःला न्यायचं तर धरायला हात लागतो, आणि तो हात समुद्रापलीकडे राहिला.

तिकडच्या आमच्या रुग्णालयात कुणी पेशंट एकटी येत नसे. कुणीतरी सोबत असायचंच. तिथे त्याला मुराफिक म्हणतात. प्रवेशाच्या अर्जावर पेशंटच्या नावाखाली मुराफिकचं नाव लिहायचं. मग तिला बिल्ला मिळायचा, रात्री उघडून झोपता येईल अशी खुर्ची मिळायची आणि तिन्ही वेळचं ताट मिळायचं. अपेंडिक्सच्या पेशंटबरोबर आलेल्या आत्या तीन तीन आठवडे राहायच्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईचंही दुखणं ऐकून घ्यायच्या आणि आम्हा नर्सना कामात सूचना द्यायच्या. सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. नंतर कळलं, आमची निम्मी औषधं त्यांच्या जिवावर लागू पडायची.

त्या वॉर्डात माझ्याबरोबर एक नर्स होती, तिथलीच, डोंगरातल्या एका गावची. ती मला उख्ती म्हणायची. उख्ती म्हणजे माझी बहीण. मीही तिला तेच म्हणायचे. आमचं बोलणं थोडं इंग्रजी, थोडं अरबी आणि उरलेलं तिने सिनेमे पाहून उचललेल्या हिंदीत चालायचं.

"उख्ती, तुमच्याकडे जरा काही झालं की सगळे नाचतात. मग तू अशी तोंड पाडून का?" ती विचारायची.

"तुमच्याकडे अंगणात खणलं की तेल लागतं. मग तू माझ्याबरोबर बेडपॅन का धुतेस?"

"आमच्या अंगणात बकऱ्या निघाल्या."

तिच्या गावच्या नदीत वर्षातून चार दिवस पाणी असायचं. म्हणून तिला माझ्या नदीचं फार अप्रूप. मी ठाण्याला वर्तकनगरच्या वसाहतीत वाढले. उन्हाळ्यात वडील आम्हा भावंडांना खडवलीला न्यायचे. नदीत पाय सोडून बसायचं, आईने केलेली सुकटाची चटणी आणि भाकरी खायची, संध्याकाळी परत. एवढंच. पण तिने हे मला पन्नास वेळा सांगायला लावलं. पाणी किती गार, दगड किती मोठे, मासे पायाला चावतात का. "एकदा मला ने," म्हणायची. मी म्हणायचे, नेते.

दुखण्यांच्या बाबतीत आम्हा रुग्णालयातल्या माणसांची एक उतरंड होती. पाठदुखीला मोठा मान. रक्तदाब म्हणजे तुम्ही जबाबदारीने काम करता याचं प्रमाणपत्र. मधुमेहाबद्दल चहाच्या वेळी बोलता यायचं. मन मात्र कुणालाच नव्हतं. आम्हा बाहेरच्यांना भीती की करार वाढणार नाही. तिथल्या मुलींना भीती की घरात कळेल, मग नात्यात कळेल, मग धाकट्या बहिणीचं लग्न अडेल. मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्या वसाहतीत एका मुलीला नुसती फिट आली होती, तर तिच्या आईने वर्षभर ती मामाकडे गेली आहे असं सांगितलं होतं. मुलगी आतल्या खोलीत होती.

एका वर्षी व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचा सप्ताह साजरा केला. फुगे लावले. संचालकांनी तीन थरांचा केक कापला, आणि तो मधुमेह विभागातल्या नर्सनी वाटला. मन मोकळं करा, असं ते चाळीस मिनिटं एकटेच बोलले. मग एक प्रश्नावली आली. वर ठळक अक्षरांत होतं, कृपया नाव लिहू नये. खाली कर्मचारी क्रमांकासाठी चौकट होती. आम्ही सगळ्यांनी "अत्यंत आनंदी"वर खूण केली. आमचा वॉर्ड रुग्णालयात सर्वांत आनंदी ठरला आणि आम्हाला एक ढाल मिळाली. त्या दिवसांत वॉर्डातल्या दोघीजणी चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडायच्या. एक ती आणि एक मी.

तिची आई आमच्याच वॉर्डात वारली होती. ड्युटी तिची होती. तिने नळ्या काढल्या, अंग पुसलं, वेळ लिहिली, आणि पुढच्या खाटेवर औषध द्यायला गेली. सगळे म्हणाले, काय धीराची आहे. माझे वडील वर्तकनगरच्या घरी वारले तेव्हा मीही त्याच वॉर्डात ड्युटीवर होते. रजा मिळेपर्यंत तेरावं झालं होतं. मलाही सगळे धीराची म्हणाले.

त्या चादरींच्या खोलीत तिने मला सांगितलं की आता तिच्याने होत नाही. औषध मोजताना आकडे पुसट होतात. एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल.

"डॉक्टरकडे चल," मी म्हटलं. मनोविकार विभाग आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर होता.

"नोंदणीच्या खिडकीत माझा चुलत दीर बसतो."

आम्ही उशांच्या अभ्र्यांच्या घड्या करत राहिलो. मग मला युक्ती सुचली. नोंदणी माझ्या नावावर करायची आणि ती माझी मुराफिक म्हणून येणार. परदेशी सहकारिणीला सोबत करणं हे तिकडे पुण्याचं काम. दीर उलट कौतुकच करेल. आत गेल्यावर मी तिची लक्षणं माझी म्हणून सांगायची आणि डॉक्टर सांगतील ते तिने ऐकायचं. मला काय फरक पडणार होता? मी तर कधीतरी घरी जाणारच होते. नर्सच्या डोक्यातूनच अशी युक्ती निघू शकते, आणि नर्सलाच तिच्यातली चूक वेळेवर दिसत नाही.

आम्ही तालीम केली. मी उत्तरं पाठ केली. डॉक्टर म्हातारे होते, शेजारच्या देशातले, जाड चष्म्याचे. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "झोप कशी आहे?" आणि पाठ केलेलं एकही उत्तर मला आठवेना.

मग तीच बोलू लागली. माझ्याकडे बोट करून.

"ती झोपत नाही, डॉक्टर. डोळे मिटले की तिला वॉर्ड दिसतो. तिचं माणूस गेलं तेव्हा ती ड्युटीवर होती. तिला रडायचं होतं, पण हातात ट्रे होता. आता ट्रे नसला तरी रडू येत नाही."

ती तिचं सांगत होती. त्यातला एकही शब्द मला माझ्यासाठी बदलावा लागला नसता.

"काय केलं तर तिला बरं वाटेल?" डॉक्टरांनी विचारलं.

ती म्हणाली, "नदीत पाय सोडून बसायचंय तिला. खडवलीला."

"हे कुठे आलं?"

"कल्याणच्या पुढे," आम्ही दोघी एकदम म्हणालो. आणि मग मला असं रडू फुटलं की मुराफिकला उठून पाणी आणावं लागलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना कितपत कळलं, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. गोळ्या दिल्या नाहीत. दर पंधरा दिवसांनी या म्हणाले. मग तिच्याकडे पाहून म्हणाले, "मुराफिकशिवाय मी पेशंटला आत घेणार नाही. सोबत करणारे जास्त थकतात. त्यांना कुणी विचारत नाही."

आठ महिने आम्ही जात होतो. मी डावीकडच्या खुर्चीत, ती उजवीकडच्या. कधी ती माझं सांगायची, कधी मी तिचं. हळूहळू ती पुन्हा भांडू लागली, म्हणजे तब्येत सुधारत होती. वेलची घातलेला गहवा, म्हणजे तिकडची कॉफी, थर्मासमधून आणू लागली. मलाही झोप लागू लागली, पण ते मी कुणाला बोलले नाही. मी पेशंट नव्हतेच ना.

वर्षाच्या शेवटी करार वाढवण्याचा अर्ज आला. त्यात प्रश्न होता, मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का? मी हो लिहिलं. त्यात शौर्य काही नव्हतं; संगणकाला सगळं माहीत होतं. कार्यालयातल्या साहेबांनी मला बसवलं, गहवा मागवला आणि अतिशय मऊ आवाजात सांगितलं की सिस्टर, तुमच्या आरोग्याची आम्हाला काळजी वाटते. त्या काळजीपोटी माझा करार वाढला नाही. त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटात आमची आनंदाची ढाल होती.

तिला कळलं तेव्हा ती वॉर्डातून तशीच निघाली. मी तिला जिन्यात गाठलं.

"सोड. मी जाऊन सांगते, ती फाइल माझी आहे."

"दिराला आधी सांगशील की नवऱ्याला?"

ती पायरीवर बसली. "तू दुष्ट आहेस, उख्ती."

"आहे. ऊठ, लोक बघतायत."

खरं तर त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं, की फाइल निम्मी माझीही होती. मी ते बोलले नाही. तिच्यासाठी आपण केवढं केलं, ही भावना मला त्या दिवशी पुरत होती. पेशंट म्हणवून घेण्यापेक्षा त्यागमूर्ती म्हणवून घेणं बरं वाटतं. समारंभांना हसणारी मी, स्वतःचा सत्कार स्वतःच करून विमानात बसले. आणि तिच्या डोक्यावर न केलेल्या उपकाराचं ओझं ठेवून आले.

सुरुवातीला दर शुक्रवारी तिचा आवाज यायचा, फोनवर साठवून ठेवता येतो तसा. मग दर ईदला. मग तिचा नंबर बदलला असावा. शेवटचा निरोप चाळीस सेकंदांचा आहे. त्यात पेला ठेवल्याचा आवाज येतो, मग ती म्हणते, "उख्ती, तुझी नदी आहे ना अजून?" मी उत्तर पाठवलं, की आहे, आणि बाकीचं समोरासमोर सांगेन. ते पोचल्याची खूण अजून उमटलेली नाही. रविवारी कधी खडवलीला जाते. घाटावर गर्दी असते, स्पीकर असतात. मी पाय सोडून बसते आणि उजवीकडची जागा ओढणी टाकून धरून ठेवते. कुणी विचारलं तर सांगते, येतायत.

चौथ्यांदा त्या जिन्यात गेले तेव्हा पहिला मजला न थांबता ओलांडला. दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खुर्चीत, आमच्याच सोसायटीतल्या बी विंगच्या वहिनी बसल्या होत्या. रोज सकाळी सव्वासहाला सोसायटीच्या ग्रुपवर सूर्योदय आणि "हसत राहा" पाठवणाऱ्या. मला पाहून त्यांनी पर्स छातीशी धरली.

"अगं बाई, तुम्ही इकडे?" त्या घाईने म्हणाल्या. "मी आपली... आमच्या ओळखीच्या एक आहेत ना, त्यांच्या सोबत आलेय."

नोंदणीची मुलगी सोडली तर खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनाही ते दिसत होतं.

टेबलामागच्या मुलीने नवा कागद घेतला. "पेशंट कोण? आणि सोबत कोण आलंय? पहिल्या वेळी सोबत लागतं हं कुणीतरी."

"पेशंट मी," मी म्हटलं. माझं नाव सांगितलं, वय सांगितलं. हे वाक्य सात वर्षं उशिरा आणि चुकीच्या गावात निघालं होतं, पण निघालं. "आणि या माझ्या सोबत आल्यात."

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नाकारलं नाही. "घरी बोलू नका हं," एवढंच पुटपुटल्या.

"दाढ दुखतेय, दुसरं काय," मी म्हटलं.

मी डावीकडच्या खुर्चीत बसले. त्या उठून माझ्या उजवीकडे येऊन बसल्या. त्यांच्या अंगाला वेलचीचा नाही, हळदीच्या क्रीमचा वास येत होता. मी मुलीला विचारलं, "डॉक्टर सोबतच्या माणसालाही आत घेतात ना?"

"पेशंटला चालत असेल तर."

"चालतं," मी म्हटलं. आत गेल्यावर काय बोलायचं, याची या वेळी तालीम केली नव्हती. नदीपासून सुरुवात करायची, एवढं ठरवलं होतं. आणि ती निम्मी कुणाची आहे, हेही सांगायचं.