इंगोल्यांच्या ट्रॅक्टरमधली हवा

सेवालाल मिस्त्री मोठ्या ट्रॅक्टरला हात लावत नाही. कोणी नवा, उंच, गाणी वाजवणारा ट्रॅक्टर शेडपुढे आणून उभा केला की हा बसल्या जागेवरून हात हलवतो. "याले शोरूम हाय. तिकडं ने." गिऱ्हाईक परत पाठवण्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्याच धंदेवाल्याच्या तोंडावर पाहिलेला नाही. कामरगावच्या बसथांब्यामागे त्याच्या शेडला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याचं गिऱ्हाईक गेलं की माझंही जातं, म्हणून हे जरा चिडूनच सांगतोय.

त्याचा जीव लहान ट्रॅक्टरांत. आपल्याकडे संत्र्याच्या बागा वाढल्या तेव्हा झाडांच्या ओळींतून फिरतील असे बुटके ट्रॅक्टर लोकांनी घेतले होते. आता ते म्हातारे झाले. पार्ट मिळत नाहीत, मिळाले तर बसत नाहीत. सेवालाल एकाचा पार्ट घासून दुसऱ्याला बसवतो आणि म्हणतो, "पाहुना हाय, रुळीन."

माणूस धनजजवळच्या तांड्यावरचा. तरुणपणी ऊसतोडीला गेला, कोयत्यापेक्षा ट्रॅक्टर बरा असं त्याच्या मनानं घेतलं, आणि परत आला तो धनजच्या पंजाबराव इंगोल्यांच्या नव्या, बुटक्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून राहिला. त्याने उघडलेलं पहिलं इंजिन तेच. सगळं परत जोडलं तर तीन नट उरले. हा घामाघूम. पंजाबराव शांतपणे म्हणाले, "राहू दे. कंपनीनं जास्तीचे देले असतीन." दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सगळं उघडलं आणि तिन्ही नटांची जागा शोधली. तिथून तो मिस्त्री झाला, असं तोच सांगतो.

पंजाबराव गेले आणि विनोद नि किशन या दोन पोरांची वाटणी झाली. बाग मधोमध कापली, विहिरीच्या पाण्याची पाळी ठरली. ट्रॅक्टर काही कापता येईना. मग पंचांनी त्यालाही विहिरीचाच न्याय लावला: एक आठवडा थोरल्याचा, एक आठवडा धाकट्याचा. पाळी बदलायची सोमवारी, आणि ट्रॅक्टर उभा करायचा दोन्ही बागांच्या मधल्या धुऱ्यावर, बांधावर. म्हणजे एकमेकांचं तोंड पाहायला नको. बोलणं तर वाटणीच्या दिवशीच बंद झालेलं.

तेव्हापासून ट्रॅक्टरला दुखणं लागलं. सुरू व्हायचा, दोन ओळी चालायचा, गचके खाऊन बंद. विनोद यायचा, "त्यानं वाट लावून ठेवली." पुढच्या आठवड्यात किशन, "दादानं..." एवढं बोलून जीभ चावायचा आणि म्हणायचा, "त्यानं वाट लावून ठेवली." सेवालाल जायचा, डिझेलच्या नळीतली हवा काढायचा, ट्रॅक्टर चालायचा. आठ दिवसांनी परत तेच. त्याने वायसर बदलले, नळ्या बदलल्या, फिल्टर बदलला, पंप दोनदा खोलला. माझी विक्री बरी चालली होती, पण मिस्त्रीचं तोंड उतरत चाललं.

एक दिवस तो दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "बापा, हे दुखनं सोमवारीच काहून येते? इंजिनाले वार कयते काय?"

पुढच्या रविवारी संध्याकाळी तो धुऱ्याजवळच्या बोरीखाली जाऊन बसला. पाळी विनोदची संपत होती. विनोदने ट्रॅक्टर आणला, टाकीत नळी घातली, तोंडाने ओढली आणि उरलंसुरलं डिझेल शेवटच्या थेंबापर्यंत आपल्या कॅनमध्ये काढून घेतलं. कॅन सायकलला टांगून घरी गेला. सकाळी किशन आपला कॅन घेऊन आला आणि कोरड्या टाकीत आपलं डिझेल ओतलं. आठ दिवसांनी किशननेही तेच केलं. दोघांचीही टाकी रिकामी करण्याची पद्धत अगदी सारखी. भाऊच ते.

आता यात अवघड काय आहे? टाकी तळापर्यंत कोरडी केली की तळाचा गाळ ओढला जातो, नळीत हवा भरते, आणि हवेवर इंजिन चालत नाही. उपाय सोपा: डिझेल टाकीत राहू द्यायचं. सेवालालने विनोदला सांगितलं. तो उसळला, "म्हंजे माह्या डिझेलवर त्यानं नांगरावं?" किशनला सांगितलं. तो म्हणाला, "पयले त्याले ठेवू द्या."

मी म्हणालो, "मिस्त्री, सोड. आपल्याला काय? हवा काढ, पैसे घे."

तो माझ्यावर एवढा भडकला की दोन दिवस माझ्याकडे चहाला आला नाही.

मग बातमी आली की इंगोल्यांचा ट्रॅक्टर भंगारात चालला. कारंज्याच्या राजू भंगारवाल्याशी बोलणं झालेलं. वाटणीनंतर दोघा भावांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, तीही तिसऱ्याच्या तोंडून. पैसे अर्धे अर्धे.

सेवालाल खचला. गोमतीबाई, त्याची बायको, माझ्या दुकानात येऊन सांगत होती, "दोन दिस झाले, भाकरीले हात लावून नाई राह्यले. मी म्हनलं, तुमच्या बापाचा हाय काय तो टॅक्टर? तं म्हनते, तो गेला का त्या घरात दोघाइचं मिळून काईच नाई राह्यत." तिने डोळ्याला पदर लावला आणि माझ्यावरच खेकसली, "तुमी पाहून काय राह्यले? सांगा ना त्या दोघा भावाइले काई!" मी काय सांगणार? मी दोन्ही भावांना वायसर विकणारा माणूस.

सेवालालने दोघांना निरोप धाडला: चालू ट्रॅक्टरला बरा भाव येतो, बंद पडलेल्याला किलोचा. शेडमध्ये आणा, विकायच्या आधी शेवटचा नीट करून देतो, पण मालक हजर पाहिजे. दुसरा एकटा जाऊन काही लंपास करील या भीतीने दोघेही आले. एक शेडच्या या टोकाला उभा, दुसरा त्या टोकाला. मी दुकान उघडं टाकून तमाशा पाहायला गेलो, खोटं कशाला बोलू.

मिस्त्रीने टाकी धुतली, भरली. मग खांदा धरून कण्हला. "माहा खांदा दुखून राह्यला. विनोद, तू पंपाची दांडी हाण. किशन, तू पाना धर. डिझेलमंदी बुडबुडे दिसतीन तवर स्क्रू खुला ठेव, बुडबुडे गेले का कस." सकाळीच त्याने माझ्या दुकानातली बॅटरी एकट्याने उचलली होती.

हे काम दोघांनी करायचं तर बोलावं लागतं. विनोद दांडी मारत होता, त्याला पलीकडचा स्क्रू दिसत नव्हता. किशनला बुडबुडे दिसत होते, पण तो तोंड उघडेना. डिझेल वाहून चाललं. मिस्त्री बिडी पेटवायला बाहेर गेला, आणि तिथेच बसला.

"झालं का?" विनोदने इंजिनाला विचारलं.

"नाई," किशनने इंजिनाला सांगितलं.

"आता?"

"हाण."

"आता?"

"थांब. नाई, हाण, हाण..."

विनोदने चिडून जोरात दांडी मारली आणि डिझेलची चिळकांडी किशनच्या डोळ्यात गेली. तो ओरडून खाली बसला. विनोद इंजिनावरून जवळजवळ उडीच मारून आला. "चोळू नको! किसन्या, चोळू नको म्हनलं ना!" मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो, तो त्याने माझ्या हातातून हिसकला, भावाची मान मागे धरली, डोळ्यावर पाणी सोडलं, आपल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. परत पाणी, परत दुपट्टा.

"दिसते का? ह्या डोळ्यानं माह्याकडं पाह्य. दिसते का बे?"

"दिसते, दादा," किशन म्हणाला.

मला तिथे उभं राहावेना. मी दुकानात येऊन उगाच खोकी इकडची तिकडे केली. थोड्या वेळाने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर पाहिलं तर विनोद चालवत होता आणि किशन ओला दुपट्टा डोळ्याला लावून मडगार्डवर बसला होता. मिस्त्रीला मजुरी द्यायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

शुक्रवारी राजू गाडी घेऊन ठरल्याप्रमाणे धनजला गेला. दुपारी तो रिकामी गाडी घेऊन माझ्या दुकानापुढे थांबला, तापलेला.

"काय लोक हायेत! थोरला म्हनते, माही ना नाई, पन किसन्याले विचारा. धाकटा म्हनते, दादा मोठा हाय, तो म्हनीन तसं. तीन खेपा घातल्या दोघाइच्या घराइत. कोनीच हो म्हनेना, कोनीच नाई म्हनेना." तो शेडकडे वळला. "मिस्त्री, तूच सांग. त्या टॅक्टरचा मालक हाय कोन?"

सेवालाल एका म्हाताऱ्या गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याच्या गालावरून पाणी खाली येताना मला स्पष्ट दिसलं.

"दोघं मिळून हायेत," तो म्हणाला. "पयले अर्धे अर्धे होते."