फुगा दाबणारा हात

शेकायला नवी रबरी पिशवी आणली. तिच्या वासानं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा नारायणगावचा दवाखाना आठवला.

मला झोपेत मण्यार चावली होती. सकाळी पापण्या मिटल्या, जीभ जड झाली, मग श्वासच थांबला. डॉक्टरांनी घशात नळी घालून तिला रबरी फुगा जोडला. तो दाबता दाबता नर्स दमली, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तो हातात घेतला. त्यांना मूल नव्हतं. "माझ्या पोराला हात लावू नका," असं मी त्यांना चारचौघांत सुनावलं होतं.

"हिला कळतंय का वो काय?" त्यांनी विचारलं.

"सगळं ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले. "विषामुळं मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही, म्हणून छाती हलत नाही. तुम्ही दाबत राहा."

फुगा दाबला की माझी छाती भरायची, सोडला की रिकामी व्हायची. जाऊबाई दाबत राहिल्या. मग कानाशी वाकून म्हणाल्या, "बाळ लई रडत व्हतं गं. मी घेतलं त्याला. रागावू नको."

माझं बोटसुद्धा हललं नाही.

नळी काढली तेव्हा जाऊबाई समोरच होत्या. घसा सोलवटला होता, तरी आवाज फुटत होता. त्यांच्याकडं न बघता मी फक्त पाणी मागितलं.

त्यांनी चमच्यानं पाजलं. हात थरथरत होता. फुगा दाबून दमल्या असतील, असं तेव्हा वाटलं. त्या मला भीत होत्या, हे आता कळतं.