पेरूची छाटणी

मे महिन्यात शहापूरच्या आमच्या घरी एक अनोळखी बाई पाणी प्यायला थांबली. परसातला उंच वाढलेला पेरू बघून म्हणाली, "बाई, एवढे जाम आभाळाले काहून चारून राहिल्या?" पेरूला ती जाम म्हणत होती. झाडाला आरी लावायचं माझं मनच होत नव्हतं. तिनं लुगडं खोचलं, आरी मागितली आणि सरळ वर चढली. प्रत्येक फांदीवर आधी हात फिरवायची, मग कापायची.

"भिऊ नोका. कापलं का फुटते. या, तुम्हीबी कापा."

पन्नाशीची मी चक्क चढले. पहिली फांदी पडली आणि मला हसू आवरेना.

शेजारीण कुंपणाशी आली. "कोण पाहुणी आली जी?"

नाव मी विचारलंच नव्हतं. "बहीण," मी म्हणाले. ती बाई इतकी हसली, की आम्हा दोघींसकट झाड हलू लागलं.